अन्य भाषांचं दान: मंडळीत नव्याने आलेल्यांसाठी

रविवारची सकाळ, शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल, तीन-चार गीतं झालेली. कीबोर्डवाला एकच सूर धरून ठेवतो, लोक हात वर करतात आणि चहूबाजूंनी न कळणारे शब्द ऐकू येऊ लागतात. मुंबईतल्या पेन्टेकॉस्टल मंडळीत पहिल्यांदा आलेल्या माणसाला इथे दोन प्रश्न पडतात: हे काय चाललंय, आणि मलाही असं बोलावं लागणार का? दुसऱ्याचं उत्तर आधी. नाही. गप्प उभं राहिलात, मराठीत प्रार्थना केलीत, नुसते बसून राहिलात तरी चालतं. कुणी कोपराने ढोसून "बोला, बोला" म्हणत असेल तर चुकतंय ते त्याचं.

पहिल्याचं थोडक्यात उत्तर: या 'अन्य भाषा', म्हणजे पवित्र आत्म्याचं दान मानलं जाणारं, बोलणाऱ्यालाही न कळणारं प्रार्थनेचं बोलणं. सविस्तर उत्तराला जरा वेळ लागेल. त्याआधी मुंबईपुरती एक खबरदारी: कानावर पडणारं सगळंच अन्य भाषा नसतं. शेजारच्या मावशी मल्याळममध्ये प्रार्थना करत असतील, मागचे काका तुळूत. एकाच बाकावर चार मातृभाषा बसलेल्या असतात. उपासना संपल्यावर चहाच्या वेळी सरळ विचारा, "मघाशी तुम्ही कुठल्या भाषेत प्रार्थना करत होता?" निम्मं कोडं तिथेच सुटतं.

शब्द आणि वचनं

मराठी पवित्र शास्त्रात 'अन्य भाषा' असं भाषांतर आहे. मूळ ग्रीक शब्द 'ग्लोसा'. त्याचा अर्थ जीभही आणि भाषाही. प्रेषितांची कृत्ये २:४ मध्ये 'दुसऱ्या, वेगळ्या' असं विशेषण मूळातच आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात मात्र बहुतेक ठिकाणी नुसतं 'ग्लोसा' आहे आणि 'अन्य' हा शब्द अर्थ कळावा म्हणून भाषांतरात आलेला आहे. हा फरक क्षुल्लक वाटेल, पण पुढचे निम्मे वाद त्यातूनच निघतात: ही माणसांची एखादी खरी भाषा आहे, की फक्त देवाला कळणारं बोलणं?

कुणाचंही प्रवचन ऐकण्याआधी स्वतः वाचा. १ करिंथचे अध्याय १२, १३ आणि १४ एका बैठकीत, सलग. तीन अध्याय मिळून ८४ वचनं आहेत. दादरहून बोरिवलीला बसून गेलात तर वाचून होतात. बहुतेक माणसं १४वा अध्याय एकटाच उचलतात आणि तिथेच घसरतात. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने दानांचा अध्याय आणि शिस्तीचा अध्याय यांच्यामध्ये प्रीतीचा अध्याय मुद्दाम ठेवला आहे. त्याची सुरुवातच अशी की माणसांच्या आणि देवदूतांच्या भाषा बोललो पण प्रीती नसेल, तर मी नुसती वाजणारी झांज.

मग कृत्यांमधले तीन प्रसंग वाचा आणि प्रत्येकात काय आधी घडलं, काय नंतर, ते वहीत टिपा. दुसऱ्या अध्यायात, पन्नासाव्या दिवशी (पेन्टेकॉस्टच्या सणाला), यरुशलेममध्ये जमलेल्या परदेशी यहुद्यांना आपापल्या भाषा ऐकू येतात. काही जण टिंगल करतात की ही माणसं प्यायलेली आहेत, आणि येशूचा शिष्य पेत्र सांगतो की अहो, आत्ता सकाळचे नऊ वाजलेत. दहाव्या अध्यायात कैसरियात कर्नेल्याच्या घरी पेत्राचं बोलणं चालू असतानाच आत्मा उतरतो. पाण्याचा बाप्तिस्मा नंतर होतो. एकोणिसाव्या अध्यायात इफिसला सुमारे बारा जणांचा बाप्तिस्मा आधी होतो, मग पौल हात ठेवतो आणि मग ते बोलू लागतात. आठव्या अध्यायात शोमरोनात आत्मा मिळतो, पण भाषांचा उल्लेखच नाही.

तिन्ही वेळा क्रम वेगळा. म्हणून "आधी हे करा, मग ते करा, तिसऱ्या पायरीला जीभ सुटते" असा ठरलेला फॉर्म्युला कुणी शिकवला, तर त्याला हे तीन उतारे दाखवा. मार्क १६:१७ मधलं 'नव्या भाषा बोलतील' हे वचनही पुष्कळदा पुढे केलं जातं. मार्कचा तो शेवटचा भाग, वचन ९ ते २०, सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, हे माहीत असू द्या. एकट्या त्या वचनावर सगळी इमारत उभारू नये.

तुमची मंडळी काय मानते ते विचारून घ्या

असेम्ब्लीज ऑफ गॉडसारख्या जुन्या पेन्टेकॉस्टल मंडळ्या शिकवतात की पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याची पहिली दिसणारी खूण म्हणजे अन्य भाषा. दुसरं टोक म्हणजे ही चिन्हं प्रेषितांच्या काळापुरती होती, ती थांबली, असं मानणाऱ्या मंडळ्या. त्या १ करिंथ १३:८ वर, भाषा बंद पडतील या वचनावर, बोट ठेवतात. कॅथलिक चर्च मधे आहे: तिथे हे दान मान्य आहे, धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात परिच्छेद २००३ मध्ये त्याचा असाधारण दानांत उल्लेख आहे, पण कुणावर सक्ती नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातल्या कॅथलिक विद्यार्थ्यांपासून सुरू झालेली करिश्माई चळवळ मुंबई-वसईच्या पॅरिशांतही पोचली. तिथल्या गटात गेलात तर सात आठवड्यांच्या 'लाइफ इन द स्पिरिट' सेमिनारला बसायला सांगतील. ते बसणं चांगलं, कारण हात ठेवून प्रार्थना पाचव्या आठवड्यात होते. आधीचे चार आठवडे नुसतं शिकवणं.

आमचं मत विचाराल तर पौलाच्या १२:३० मधल्या प्रश्नाला, 'सगळेच अन्य भाषा बोलतात काय?' याला, उत्तर 'नाही' असंच अपेक्षित आहे, आणि १४:३९ मध्ये 'बोलण्यास मना करू नका' हेही तितकंच स्पष्ट आहे. दोन्ही वचनं खिशात ठेवली की कुठल्याही मंडळीत डोकं शांत राहतं.

हे काही अमेरिकेहून आयात केलेलं खूळ आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला केडगावचं नाव सांगा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी जागृती झाली. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभा, ज्यांच्यापासून पेन्टेकॉस्टल चळवळ जगभर पसरली असं मानतात, सुरू झाल्या त्या १९०६ मध्ये. पुढे मुक्तीतही मुली अन्य भाषांत प्रार्थना करू लागल्या. तरी रमाबाईंनी किंवा त्यांच्या सहकारी मिनी अब्रम्स यांनी ही खूण प्रत्येकाला मिळालीच पाहिजे असा हट्ट धरला नाही. स्वतः रमाबाई मात्र हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. दान असलं तरी व्याकरण शिकणं चुकत नाही.

उलट उदाहरणही त्याच काळातलं. अझुसा स्ट्रीटवरून आल्फ्रेड गार हे आपल्याला बंगाली मिळाली आहे अशा समजुतीने १९०७ मध्ये पत्नीसह कलकत्त्याला आले. ती बंगाली नव्हती. त्या पिढीतल्या बऱ्याच जणांना असाच ठेच लागून धडा मिळाला, आणि त्यानंतर पेन्टेकॉस्टल लोकांनी परदेशी भाषेपेक्षा प्रार्थनेची भाषा म्हणून या दानाकडे जास्त पाहायला सुरुवात केली.

एकांतातलं आणि सभेतलं

हे जमलं तर बाकी सगळं जमेल. १४व्या अध्यायात एकाच दानाचे दोन उपयोग आहेत आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

एकांतात बोलणारा माणसांशी नाही, देवाशी बोलतो (१४:२). त्यात त्याची स्वतःची उन्नती होते (१४:४), बुद्धी मात्र रिकामी राहते (१४:१४). म्हणून पौल म्हणतो आत्म्याने प्रार्थना करीन आणि बुद्धीनेही करीन. इथे अर्थ सांगणारा नसला तरी बिघडत नाही.

सभेत मात्र आकडे ठरलेले आहेत: दोघांनी, फार तर तिघांनी, एकामागून एक, आणि एकाने अर्थ सांगावा (१४:२७). अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावं, स्वतःशी आणि देवाशी बोलावं (१४:२८). सभेत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द पौलाला बरे वाटतात (१४:१९), आणि हे तो माणूस लिहितोय जो आदल्याच वचनात म्हणतो की मी तुम्हा सर्वांपेक्षा जास्त भाषा बोलतो.

मग सगळा हॉल एकदम बोलू लागतो त्याचं काय? पुष्कळ पाळक सांगतात की ती प्रत्येकाची वैयक्तिक प्रार्थना आहे, फक्त एकाच वेळी चाललेली. आवाज दबका असेल तर हे पटण्यासारखं आहे. पण माइक हातात घेऊन दहा मिनिटं अन्य भाषेत बोलणाऱ्याला ही सवलत लागू होत नाही. माइक आला की ते सार्वजनिक झालं, आणि सार्वजनिक झालं की अर्थ हवाच. नवा माणूस आत आला तर तुम्हाला वेड लागलंय असं म्हणणार नाही का, हा १४:२३ मधला प्रश्न नेमका अशाच हॉलसाठी आहे.

घरी प्रार्थना कशी करायची

वेळ वीस-पंचवीस मिनिटं पुरे. रात्रभर जागायची गरज नाही, आणि सुरुवातीला तर जागूच नये. झोप मोडलेल्या डोक्याला काहीही दिव्य वाटतं.

जागा हा मुंबईत खरा प्रश्न. चाळीतली खोली किंवा वन रूम किचन असेल तर पुटपुटणं पुरेसं आहे. देवाला ऐकू यायला आवाज लागत नाही. पहाटे पाणी यायच्या आधीचा अर्धा तास, इमारतीची गच्ची, दुपारी रिकामं असलेलं चर्च, यांतलं जे जमेल ते. लोकलच्या गर्दीत ओठ मिटूनही चालतं.

आधी दहा मिनिटं मराठीत. स्तोत्र १०३ मोठ्याने किंवा मनात वाचा, आभार माना, जे चुकलं ते नाव घेऊन कबूल करा, कुणाशी अबोला असेल तर त्याला क्षमा करा. ही पायरी गाळून लोक थेट जिभेवर येतात आणि मग नुसती जीभच उरते.

मग एका वाक्यात मागा. लूक ११:१३ चा आधार घ्या: मागणाऱ्यांना पिता पवित्र आत्मा देतो. एकदा मागितलं की पुरे. त्याच वाक्याचा जप करत सुटू नका.

त्यानंतर स्तुती करत राहा. शब्द संपले तर थोडं शांत बसा. ओठांवर एखादा अनोळखी उच्चार आला तर तो म्हणा, न घाबरता. इथे नव्यांची सर्वांत मोठी गैरसमजूत असते: देव आपला जबडा धरून हलवेल. तसं होत नाही. कृत्ये २:४ नीट वाचा: बोलू लागले ते शिष्य, वाचा दिली आत्म्याने. श्वास, घसा, जीभ तुमचीच. सुरू करणं आणि थांबवणं तुमच्याच हातात. पहिल्यांदा बहुधा दोन-तीन अक्षरंच पुन्हा पुन्हा येतात. काहींना ओघ येतो, काहींना महिनोन्महिने तेवढंच.

पाच मिनिटांनी परत मराठीत या. अर्थ कळावा म्हणून मागा (१४:१३), आणि मनात कुणाचं नाव किंवा एखादं वचन आलं असेल तर त्याबद्दल साध्या शब्दांत प्रार्थना करा. शेवटी वहीत तारीख आणि दोन ओळी: नंतर मन हलकं वाटलं की भेदरलेलं, आणि त्या दिवशी घरच्यांशी कसे वागलात. ही दुसरी नोंद महिन्याभराने पहिलीपेक्षा जास्त सांगते.

काहीच झालं नाही? मग वीस मिनिटं प्रार्थना झाली. उद्या पुन्हा.

'मीच तर बनवत नाहीये ना?'

हा प्रश्न जवळपास प्रत्येकाला पडतो आणि तो पडणं चांगलं आहे. विल्यम समारिन या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवून दिलं की अशा बोलण्यातले ध्वनी बोलणाऱ्याला आधीच ठाऊक असलेल्या भाषांतलेच असतात, अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, आणि शब्द-वाक्यांची व्याकरणी रचना सापडत नाही. म्हणजे मराठी माणसाच्या तोंडी मराठीतलेच ध्वनी येणार. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अँड्र्यू न्यूबर्ग यांनी पाच स्त्रियांच्या मेंदूची चित्रं घेतली. भाषांत प्रार्थना करताना मेंदूच्या पुढच्या भागातला रक्तप्रवाह भक्तिगीत गातानाच्या मानाने कमी दिसला. पाच जणींवरून फार काही सिद्ध होत नाही, पण 'बुद्धी रिकामी राहते' या पौलाच्या वाक्याशी ते विसंगतही नाही. यातून घ्यायचा तो व्यावहारिक धडा एवढाच: "मला अरामी येते", "ही देवदूतांची भाषा आहे" असे दावे करू नका. प्रार्थना म्हणा आणि थांबा.

आणि उसनं घेऊ नका. "माझ्या मागून म्हणा" असं सांगून अक्षरं घोकून घेणं, किंवा जीभ अडखळेपर्यंत 'हालेलुया' भरभर म्हणायला लावणं, हे प्रकार शहरात चालतात. त्यातून निघतं ते शिकवणाऱ्याचं अनुकरण. आठवड्याभरात अख्ख्या गटाची 'भाषा' एकसारखी ऐकू यायला लागते.

अंगात येणं आणि हे

हिंदू घरातून आलेल्यांना, किंवा अशा नातेवाईकांना उत्तर द्यायचं असणाऱ्यांना, ही तुलना टाळता येत नाही. बाहेरून दोन्ही सारखं दिसू शकतं. अंगात येतं तेव्हा वारं घेणारी व्यक्ती पुष्कळदा नंतर म्हणते की काय बोलले ते आठवत नाही. लोक तिला कौल विचारतात, ती देवाच्या नावाने उत्तर देते. अन्य भाषेत प्रार्थना करणारा शुद्धीवर असतो, दाराची बेल वाजली तर थांबून दार उघडू शकतो, आणि तो देवाशी बोलत असतो, लोकांना भविष्य सांगत नसतो. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात (१४:३२), ही यातली कसोटी. मंडळीतच कुणी घुमू लागला, थांबता येत नाही म्हणाला, किंवा लोक रांग लावून त्याला 'माझं लग्न कधी' विचारू लागले, तर भाषा ख्रिस्ती असेल, रीत राहिलेली नाही. नातेवाइकांशी बोलताना मात्र त्यांच्या श्रद्धेची टवाळी करू नका. फरक सांगायला तेवढं लागत नाही.

काय बिघडतं

चक्कर आणि हाताला मुंग्या. भरभर, खोल श्वासाने बराच वेळ बोललं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. बोटं आखडतात, डोकं हलकं होतं. याला पवित्र आत्म्याचा अभिषेक समजू नका. खाली बसा, तोंड मिटून सावकाश श्वास घ्या, चार-पाच मिनिटांत उतरतं. बंद हॉलमध्ये मे महिन्यात हे हमखास होतं.

उपास. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपास-प्रार्थनेला बसायचं तर आधी डॉक्टरला विचारा. प्रार्थनेत कुणाला घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला आणि तो गिळू शकत असेल, तर डोक्यावर हात ठेवायच्या आधी त्याच्या हातात साखरेचं पाणी ठेवा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

झोप उडणं, बोलणं इच्छा असूनही न थांबणं, हुकूम देणारे आवाज ऐकू येणं, ही दानाची लक्षणं नाहीत. केईएम, सायन, नायर या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेलि-मानसचा क्रमांक १४४१६. चालू असलेलं औषध कुणाच्याही 'संदेशा'वरून बंद करू नका. आणि भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण झाली तर महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे, मारणारा पाळक असला तरी.

अर्थ सांगणाऱ्याचीही परीक्षा

अर्थ म्हणजे शब्दाला शब्द भाषांतर नव्हे. बोलणं अर्धा मिनिट आणि अर्थ दोन मिनिटं, एवढ्यावरून खोटं ठरत नाही. ऐकायचं ते आशयाकडे. १४:२ प्रमाणे बोलणं देवाशी असेल तर अर्थात स्तुती आणि विनवणी यायला हवी. त्याऐवजी "देव सांगतो, अमक्याशी लग्न कर", "खोली विकून पैसे देवाच्या कामाला दे", "नोकरी सोड" असं येऊ लागलं तर लगेच सही करू नका. १४:२९ मध्ये ऐकणाऱ्यांनी निर्णय करावा असं सांगितलं आहे, तो हक्क वापरा: लिहून घ्या, दोन जाणत्या माणसांना, शक्यतो एक मंडळीबाहेरचा, दाखवा आणि महिनाभर थांबा. घाई करणारा संदेश बहुधा घाईची गरज असलेल्या माणसाचा असतो.

तुम्हालाच सभेत बोलावंसं तीव्रतेने वाटलं, तर आधी सभा चालवणाऱ्याच्या कानावर घाला. तो थांबा म्हणाला तर थांबा. बोलून झाल्यावर मिनिटभर शांतता ठेवा. अर्थ आला नाही तर त्या दिवशी दुसऱ्यांदा उठू नका.

गट घरी भरत असेल तर घड्याळ बघा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, आणि रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. शेजारच्या खोलीतून भिंतीवर टकटक झाली तर त्याला छळ म्हणून नोंदवू नका. आवाज पुटपुटण्यावर आणा, आणि सकाळी भेटल्यावर शेजाऱ्याला आपल्या मराठीत सॉरी म्हणा.